तालुक्याला राहून संशोधन होतं का?

नमस्कार. आपला आक्षेप असा, की नोकरी चांदवड-निफाडला असली तरी प्राध्यापकानं राहावं नाशिकलाच. तालुक्याला ना ग्रंथालय, ना चर्चा, तिथे संशोधन मरतं.

दोन बाबतींत आपलं बरोबर आहे. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकानं बिऱ्हाड हलवू नये; पुढच्या सत्रात तास मिळतीलच याची हमी नसते. आणि ज्याच्या कामाला रोज मोठी उपकरणं लागतात, त्यालाही शहर सोडणं परवडत नाही.

बाकीच्यांनी आधी तास मोजावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन असतं. चांदवड नाशिकपासून साधारण 65 किलोमीटर. एसटीची वाट पाहणं धरलं तर अपडाऊनला रोज तीन तास जातात, सहा दिवसांचे 18. म्हणजे शिकवण्यापेक्षा जास्त वेळ रस्त्यावर! संशोधन मरतं ते इथे.

ग्रंथालयाचं म्हणाल, तर महाविद्यालय एन-लिस्टचं, म्हणजे महाविद्यालयांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालय योजनेचं, सभासद असेल तर नियतकालिकं घरबसल्या उघडतात. खातं ग्रंथपालांकडून रुजू होताच मागून घ्यावं. अनेकांचं वर्षानुवर्षं काढलेलंच नसतं. जुन्या पुस्तकांसाठी महिन्यातून दोनदा, यादी करून, नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जावं. ते 1840पासूनचं आहे.

खरी अडचण विषयाची. पुण्यात सुरू केलेला विषय तसाच निफाडला ओढत नेला, की तो रखडतो. तिथल्या प्राणिशास्त्राच्या माणसाला नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य जवळ आहे, 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेलं. हिवाळ्यात दर पंधरवड्याला, ठरलेल्या जागांवरून, सकाळच्या ठरावीक वेळी पक्षी मोजायचे. मात्र प्रत्येक नोंदीसोबत पाण्याची पातळी लिहायलाच हवी. कालव्याला आवर्तन (शेतीसाठीचं पाणी) सुटलं की पाणी उतरतं, चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि पक्षी जागा बदलतात. पातळीची नोंद नसेल तर पक्षी घटले की नुसते पलीकडे सरकले, हे नंतर कशावरूनच कळत नाही. अभयारण्य असल्यानं वन्यजीव विभागाची परवानगी लागते. प्राचार्यांच्या सहीचा अर्ज पावसाळ्याआधीच द्यावा, नाहीतर पहिला हंगाम हातचा जातो. नाशिकहून पहाटे निघून हे काम वर्षानुवर्षं रेटणं अवघड आहे, निफाडहून ते तासिकांच्या आधी उरकतं.

चर्चेला माणसं कमी, हे मान्य. त्यासाठी महिन्यातला एक शनिवार नाशिकला विषयातल्या तिघा-चौघांसोबत ठरवून घ्यावा, आणि तो वेळापत्रकातच टाकावा.