मिनिटाला बावीस सप्तमांश

लग्नाच्या विसाव्या वाढदिवसानिमित्त आपण दोघांनीच तीन दिवस व्हेनिसला जावे, ही कल्पना माझी होती, हे मी सुरुवातीलाच मान्य करतो. म्युनिकमध्ये चौदा वर्षे राहूनही आम्ही व्हेनिस पाहिले नव्हते, आणि याचे कारण अगदी साधे आहे : जे गाव रात्रीच्या गाडीने झोपेत गाठता येते, ते माणूस दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलतो. मी हे बोललो तेव्हा पत्नीने हातातली इस्त्री बाजूला ठेवली. माझ्या बोलण्याला एवढा प्रतिसाद घरात क्वचितच मिळतो. "दोघंच?" तिने विचारले. "दोघंच," मी म्हणालो. त्यानंतरचे अकरा आठवडे आम्ही प्रणयासाठी जी तयारी केली, तेवढ्या तयारीत मुलीचे लग्न उरकले असते.

पहिला प्रश्न तारखेचा होता. येशूच्या स्वर्गारोहणाचा सण नेहमी गुरुवारी येतो आणि जर्मनीत त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. शुक्रवारी एक रजा टाकली की सलग चार दिवस पदरात पडतात. सुट्टीला शनिवार-रविवाराशी जोडणाऱ्या अशा दिवसाला जर्मन माणूस ‘ब्रुकेनटाग’, म्हणजे पुलाचा दिवस, असे म्हणतो. चारशेहून अधिक पूल असलेल्या शहराला पुलाच्या दिवशी जावे, हा योग मला फारच सुंदर वाटला. तो म्युनिकमधल्या बहुतेक नोकरदारांनाही वाटला असावा, कारण रात्रीच्या गाडीतले दोघांसाठीचे शयनकक्ष केव्हाच संपले होते आणि सहा जणांच्या कक्षातल्या सर्वांत वरच्या दोन फळ्या तेवढ्या शिल्लक होत्या. त्या समोरासमोर असल्यामुळे रात्रभर एकमेकांना पाहता येईल, असा मुद्दा मी मांडला. "आणि खाली चार माणसं आपल्याला पाहतील," ती म्हणाली.

शिवाय गुरुवारी आमच्या घरी दत्ताचा उपास असतो. म्हणजे इटलीत पाऊल ठेवल्यावरचे पहिले जेवण हे घरून डब्यात नेलेली साबुदाण्याची खिचडी असणार, हे इतर काहीही ठरण्याच्या आधीच ठरले. उरलेल्या दिवसांसाठी मी तिथले शाकाहारी पदार्थ शोधू लागलो. व्हेनिसचा ‘रिसी ए बिसी’ नावाचा एक प्रसिद्ध पदार्थ आहे. पूर्वी 25 एप्रिलला, संत मार्कच्या सणादिवशी, तो राज्यप्रमुखाला समारंभाने वाढला जात असे. तो नीट वाचल्यावर लक्षात आले की हा आपला मटारभातच आहे, फक्त जरा सैलसर, आणि बहुधा डुकराचे मांस घातलेला. राज्यप्रमुखाला मटारभात वाढून त्याचा समारंभ करणाऱ्या लोकांविषयी मला एकदम आपुलकी वाटली. पण यादीत मात्र पिझ्झाच लिहिला.

मुलांना सांभाळायला मंडळातले एक कुटुंब तयार झाले, त्याबदल्यात त्यांच्या तीन मुलांना आम्ही ऑगस्टमध्ये आठवडाभर ठेवून घ्यावे या अटीवर. पुण्याला कळवायचे नाही असे ठरले होते, ते मुलांनी व्हिडिओ कॉलवर पहिल्याच रविवारी मोडले. सासूबाईंना पाण्याची काळजी होती. तिथे भरतीचे पाणी रस्त्यावर चढते, असे त्यांनी टीव्हीवर पाहिले होते. ते मुख्यतः शरद ऋतूत आणि हिवाळ्यात होते, आणि 2020 पासून समुद्राच्या तोंडाशी उचलता येणारे दरवाजे बसवलेले आहेत, हे मी समजावून सांगितले. त्यावर "तरी प्लास्टिकच्या पिशव्या असू द्या बरोबर," असे त्या म्हणाल्या. काकांचा आक्षेप वेगळा होता. त्यांनी बारा दिवसांत सात देश केले होते, त्यांत व्हेनिसच्या वाट्याला दुपारचे चार तास आले होते आणि त्यांतलाही एक तास हरवलेल्या एका सहप्रवाशाला शोधण्यात गेला होता. "अरे, तीन तासांत होतं ते," काका म्हणाले. "तीन दिवस काय करणार तुम्ही?" या प्रश्नाचे खरे उत्तर काकांना देता येण्याजोगे नव्हते, आणि खरे सांगायचे तर आमच्याकडे ते तयारही नव्हते.

मग मुक्कामाचा विषय निघाला. व्हेनिसला येणारा हिशेबी माणूस मेस्त्रे येथे राहतो. मेस्त्रे मुख्य भूमीवर आहे, तिथली हॉटेले स्वस्त असतात आणि जवळजवळ चार किलोमीटरचा पूल ओलांडून गाडी दहा-बारा मिनिटांत बेटावर पोहोचवते. हे सर्व मी तक्त्यासह पत्नीपुढे ठेवले. तिने तक्ता शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, "म्हणजे मुंबई बघायला जायचं आणि वाशीला राहायचं." खाडीपुलासकट ही उपमा इतकी अचूक होती की मी मेस्त्रेचा रकाना निमूटपणे पुसून टाकला.

बेटावरचे हॉटेल शोधताना मला माझे बालपण अनपेक्षितपणे उपयोगी पडले. व्हेनिसचे सहा भाग आहेत आणि घरांचे क्रमांक रस्त्यानुसार नव्हे, तर संपूर्ण भागात सलग चढत जातात, त्यामुळे एकट्या कास्तेल्लो भागात सहा हजारांच्या वरचे क्रमांक सापडतात. लोक या पद्धतीला चक्रव्यूह म्हणतात. माझा जन्म सदाशिव पेठेतला. पत्ता म्हणजे पेठ आणि आकडा, पुढचे सगळे पोस्टमनच्या स्मरणशक्तीवर, हे मी तान्हेपणापासून जाणतो. अडचण पत्त्याची नव्हती, पायऱ्यांची होती. नकाशा सांगत होता की स्थानकापासून हॉटेल चालत चौदा मिनिटांवर आहे. मात्र वाटेत पाच पूल आहेत आणि तिथल्या पुलांना सहसा दोन्ही बाजूंनी पायऱ्या असतात, हे सांगण्याची तसदी त्याने घेतली नव्हती. मी त्या पाचही पुलांची छायाचित्रे मोठी करून पायऱ्या मोजल्या, त्यांना बॅगेच्या वजनाने गुणले आणि चाकांच्या बॅगेऐवजी पाठीवरच्या दोन सॅक न्याव्यात असा प्रस्ताव मांडला. "विसाव्या वाढदिवसाच्या फोटोत मी ट्रेकला आल्यासारखी दिसणार," ती म्हणाली. शेवटी बॅग न्यायची आणि ती मी उचलायची, असा तोडगा निघाला.

मुक्काम न करता येणाऱ्या पर्यटकांकडून व्हेनिस 2024 पासून काही ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेते. मुक्कामी पाहुण्याला ते माफ आहे, पण आपल्याला ते माफ आहे अशी आगाऊ नोंदणी त्याला करावी लागते. ही पद्धत ज्याने काढली तो मनाने आपल्याकडच्या तहसील कचेरीतलाच असावा. माफीच्या कारणांत मुक्काम, नोकरी, शिक्षण, नातेवाइकांची भेट अशा सगळ्याची सोय होती. प्रेम हे कारण त्यांत नव्हते. आम्ही मुक्कामावर खूण केली.

आणि मग गोंडोला.

गोंडोलाचे दर महापालिका ठरवते. दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो. हा दर माणशी नसून होडीचा आहे आणि होडीत पाच जण बसू शकतात, हे वाचताच माझ्यातला अभियंता जागा झाला. आणखी एखादे जोडपे गाठले, तर खर्च निम्म्यावर येत होता. मी हे जेवताना बोलून दाखवले. पत्नी काही बोलली नाही. तिने फक्त माझ्या पानात न मागता आणखी एक पोळी वाढली, आणि आमच्या घरात याचा अर्थ फार वाईट असतो.

दोन दिवसांनी मी नव्या शोधासह परत आलो. ग्रँड कॅनॉलवर पूल अवघे चार आहेत, म्हणून मधल्या काही ठिकाणी ‘त्रागेत्तो’ नावाची, माणसांना पलीकडे सोडणारी होडी चालते. ती होडी गोंडोलाच असते, वल्हवणारे दोन असतात, आणि या काठावरून त्या काठावर जायला पाहुण्याला फक्त 2 युरो पडतात. स्थानिक लोक तिच्यातून उभ्यानेच जातात. "तेच पाणी, तीच होडी," मी म्हणालो, "आणि हवं तर दोनदा जाऊ."

"उभ्यानं?"

"दोनच मिनिटं तर लागतात."

यानंतर तिने आठवडाभर या विषयावर एक शब्दही काढला नाही. त्या शांततेत मी गोंडोलाविषयी बरेच वाचन केले. होडीची डावी बाजू उजवीपेक्षा 24 सेंटिमीटर रुंद असते. एकच माणूस एकाच बाजूने वल्हवतो, म्हणून तिला मुळातच वाकडी बांधतात, तेव्हा ती सरळ चालते. संसाराखेरीज अशी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही, असे मी एकदा हळूच बोलूनही पाहिले, पण त्याचा उपयोग झाला नाही. संध्याकाळी सातनंतरचा दर 35 मिनिटांना 110 युरो, म्हणजे मिनिटाला बरोबर बावीस सप्तमांश होतो, हेही मला त्याच काळात उमगले. शाळेत वर्तुळासाठी पाठ केलेला ‘पाय’ इटलीच्या पाण्यावर असा भेटावा, याचा मला झालेला आनंद घरात कोणालाच वाटून घेता आला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तक्ता पूर्ण झाला. तीन दिवस, एकेचाळीस ओळी, प्रत्येक ओळीपुढे वेळ, ठिकाण, खर्च आणि शेरा. सान मार्को चौकात वाद्यवृंद वाजत असेल तर तिथली उपाहारगृहे संगीताचा आकार बिलात वेगळा लावतात, म्हणून ‘संगीत : चौकात उभे राहून’ अशी ओळ होती. शुक्रवारी साडेचार ते पाच या वेळेत ‘रमतगमत’ असे लिहिले होते. मी हा तक्ता दोघांच्या फोनवर ठेवला आणि तिला बदल करण्याचीही मुभा दिली, कारण सहल दोघांची होती.

बुधवारी रात्री अकराच्या पुढे आम्ही म्युनिकच्या स्थानकावर उभे होतो. बॅग माझ्याकडे होती, खिचडीचा डबा तिच्याकडे आणि सासूबाईंच्या प्लास्टिकच्या पिशव्या दोघांच्याही खिशात होत्या. गाडी यायला वेळ होता, म्हणून शेवटची उजळणी करावी या हेतूने मी फोनवर तक्ता उघडला. ‘रमतगमत’ची वेळ अर्ध्या तासावरून चार तासांवर गेली होती आणि तिच्या खालच्या नऊ ओळी नाहीशा झाल्या होत्या. शुक्रवारच्या संध्याकाळी जिथे ‘त्रागेत्तो, 2 युरो, उभ्याने’ असे मी लिहिले होते, तिथे आता ‘गोंडोला, सातनंतर, 110 युरो’ असे होते.

मी शेऱ्याचा रकाना पाहिला. त्यात तिने लिहिले होते : "दोघंच. बसून. गणित करू नये."