हिरड्यांची पीछेहाट

तोंड उघडलं की दात दिसणारच. पण मुळं? काल डॉक्टरीणबाईंनी हातात आरसा दिला आणि विचारलं, "दात घासता की पातेलं?"

वीस वर्षं कडक ब्रशने, हात आडवा मारत, नेमाने दोन वेळा घासतोय हो! त्याच शिस्तीनं हिरडी सोलली म्हणे. माझा भाऊ रात्री कधी ब्रशला हात लावत नाही, त्याच्या हिरड्या जागच्या जागी. आणि टीव्हीवरच्या जाहिरातीत ब्रशभर पेस्टची लाट पसरतात, तेव्हा मटाराएवढी पुरते हे का सांगत नाहीत?

असो. मग बारीक सळई हिरडीत घालून मापं सुरू झाली. मोठ्यानं. मदतनीस मुलगी लिहून घेत होती. "दोन, तीन, दोन... पाच."

मधे फक्त पडदा. पलीकडून एका काकांचा आवाज आला, "पाच जास्त झाले ना हो?"

मी म्हणालो, "आ." दुसरं काय म्हणणार?

"तीन मिलिमीटरपर्यंत चालतं, काका," बाई म्हणाल्या, जणू माझं तोंड म्हणजे गावचा पार. "किटण साचून हिरडी दातापासून सुटली की खिसा होतो."

"खिसा! म्हणजे बिल त्यातूनच काढणार म्हणा!"

बाहेर हशा. लिहिणारी मुलगीसुद्धा हसली. ते मी विसरणार नाही. मग पडदा सारून काकांचं डोकं आत आलं. "मी चाळीस वर्षं मशेरी लावली. हिरडीचा त्रास म्हणून नाही."

सळई निघाल्याबरोबर मी विचारलं, "आणि दात?"

"ते गेले ना सगळे." काकांनी शर्टाच्या खिशातून डबी काढून कवळी खुळखुळवली. "दातच नाहीत, तर हिरडी कशावरून सरकणार?"

या युक्तिवादावर बाईसुद्धा गप्प झाल्या. मग मला सांगितलं: मागचं किटण हिरडीखालून खरवडायचं, ब्रश मऊ, पंचेचाळीस अंशात, हलक्या हातानं. गेलेली हिरडी आपोआप परत येत नाही. फारच वाटलं तर तोंडातल्या टाळूची कातडी काढून तिथे शिवता येते. म्हणजे एका भिंतीचा गिलावा काढून दुसरीला! आणि माझा विमा दातांना शरीराचा भाग मानत नाही.

काउंटरवर पैसे मोजत होतो, तर मागून काका, "खिसा किती खोल निघाला?"

उत्तर न देता कूलरचं थंड पाणी प्यायलो. कळ थेट कानात गेली.