‘उष्णता आहे, कोकम घे’ म्हणणारा निरोप

दापोली-गुहागरकडच्या बायकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक निरोप फिरतोय: ‘सातव्या-आठव्या महिन्यात अंगावर रक्त गेलं तर ती उष्णता. कोकम सरबत घेऊन पडून राहा. रक्त थोडं तर धोका थोडा. सोनोग्राफी नीट आली की वार जागेवर. वार सुटते ती रिक्षाच्या धक्क्यांनी.’

कोकमाशी वैर नाही. पण बाळंतपणाआधीच वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, गर्भाशयापासून सुटू लागली, की तिला परत चिकटवणारं औषधच नाही. सरबत काय करणार? ऑपरेशनची वेळ आलीच तर पोट रिकामं असलेलं बरं. डाव्या कुशीवर पडावं, पण गाडी येईपर्यंतच.

‘रक्त थोडं तर धोका थोडा’ हे मात्र जिवावर बेतणारं वाक्य. सुटलेल्या वारेमागे रक्त कोंडून राहतं आणि बाहेर जेमतेम डाग दिसतो. कधी तोही नाही. अशा वेळी पोट लाकडासारखं कडक होतं, दुखणं कळांसारखं येऊन-जाऊन न राहता लागून राहतं, कंबर धरते, बाळाची हालचाल मंदावते. बाळाचा प्राणवायू वारेतूनच जातो. तो तुटला तर मेंदूला इजा होते, बाळ पोटात दगावतंही. वाचलं तरी बऱ्याचदा अपुऱ्या दिवसांचं. आईच्या रक्तातले गोठवणारे घटक संपले की रक्तस्राव आवरत नाही, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, क्वचित गर्भपिशवी काढावी लागते.

सोनोग्राफीचं म्हणाल, तर ताजं साचलेलं रक्त वारेसारखंच दिसतं, म्हणून ते अनेकदा निसटतं. डॉक्टर लक्षणं पाहून ठरवतात.

राहिले धक्के. पडल्याने, अपघातात पोटाला मार बसल्याने वार सुटते, हे खरं. पण मोठं कारण वाढलेला रक्तदाब. आधीच्या खेपेला वार सुटलेली असणं आणि धूम्रपान हीही कारणं. मिश्रीही तंबाखूच, तीही सोडलेली बरी. धक्क्यांचा बागुलबुवा केला की बाई तपासणीला जातच नाही, रक्तदाब कळत नाही, आणि पुढे काही झालं की ‘रिक्षात बसलीस ना’ हे तिलाच ऐकावं लागतं.

तेव्हा अंगावर रक्त गेलं किंवा पोट कडक होऊन दुखत राहिलं, की १०८ लावा. रक्त आणि सिझेरियनची सोय असलेल्या ठिकाणीच न्या. मधल्या दवाखान्यात बसून तास घालवू नका. रक्तगटाचा कागद बरोबर घ्या. गट निगेटिव्ह असेल तर आधीच सांगा, त्यासाठीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यावं लागतं.