शॉटरीच्या घरातल्या विटा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अॅन हॅथवेच्या, म्हणजे शेक्सपिअरच्या बायकोच्या, इंग्लंडमधल्या शॉटरी गावातल्या माहेरच्या घरावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही म्हटलंत, ‘मूळ घर लाकडाचं, विटा मागाहून घातलेल्या, छपराचं गवत पुन्हा पुन्हा बदललेलं, वर १९६९ची आग. मग जुनं उरलं काय? हा पर्यटकांसाठी मांडलेला देखावा आहे.’

आधी माझी चूक. मी सरसकट ‘विटांचं घर’ लिहिलं, ते बरोबर नव्हतं. भार ओकच्या लाकडी सांगाड्यावर आहे. विटा फक्त चौकटी भरतात. जुनं भरण कुडाचं : काटक्यांचा विणलेला ताटवा आणि त्यावर मातीचा गिलावा. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण मागाहून आलेली वीट म्हणजे भेसळ, हे मला अजिबात पटत नाही. घराचा सर्वांत जुना भाग १४६३च्या सुमाराचा. तेव्हाच्या मोठ्या दालनावर मजलाच नव्हता. वर बघितलं की थेट आढं. चूल जमिनीवर, उघडी. धूर वर चढायचा आणि छपरातून वाट काढत बाहेर पडायचा. पुढे वीट-दगडाचं धुराडं उभं राहिलं, धुराला स्वतःची वाट मिळाली, आणि त्याच दालनावर तक्तपोशी घालून वर निजायच्या खोल्या काढता आल्या. घरातल्या माणसांचं जगणं बदललं ते इथे. १६९७मध्ये धुराड्याची डागडुजी झाली, तेव्हा जॉन हॅथवेने आपली आद्याक्षरं आणि साल दगडात कोरून तिथेच बसवलं. त्याला ती दुरुस्ती लपवावीशी वाटली नाही.

गवताचं म्हणाल, तर शाकारलेलं घर शाकारत राहावंच लागतं. आढ्यावरचा थर सगळ्यात आधी झिजतो, दहा-पंधरा वर्षांत बदलावा लागतो. इंग्लंडमधले कारागीर जुन्या घरांवर बहुतेकदा खालचा सुका थर तसाच ठेवतात आणि वर नव्या काडाच्या पेंढ्या हेझेल नावाच्या झुडपाच्या फोकांनी टाचतात.

आगीने मोठं नुकसान केलं, हे खरंच. तरी वरच्या खोलीत सांगाड्याची जुनी वाकडी लाकडं आजही दिसतात. मुळातच बाकदार वाढलेलं खोड उभं चिरायचं आणि दोन्ही फाळके समोरासमोर टेकवून कमान करायची, अशी ती जोडी. मी तिच्याखाली बराच वेळ उभा होतो. रंध्याची सफाई कुठेच नाही, झाडाचा बाक जसाच्या तसा.

‘पन्हळ का नाही?’ हेही तुम्ही विचारलंत. छपराचा उतार पंचेचाळीस अंशांहून जास्त असतो, त्यामुळे पाणी वरच्या वर ओघळून जातं, आतला पेंढा कोरडा राहतो. वळचण भिंतीच्या बरीच पुढे आलेली असते. मी गेलो तेव्हा पाऊस होता. पागोळ्या भिंतीपासून चांगल्या हातभर लांब पडत होत्या, आणि विटा कोरड्या होत्या.