आखाजीला ती परत यायला हवी

गेले तीन आठवडे रोज रात्री साडेनऊ-दहाला माझा फोन वाजतो. डॅलसला रात्र असते, तेव्हा अमळनेरला सकाळचा चहा झालेला असतो. कधी आमचे शाळेतले बास्केटबॉलचे सर असतात, कधी माझा चुलतभाऊ, कधी आमच्या वेळच्या शाळेच्या संघातलं कोणी. विषय एकच असतो: पोरीला पाठवायचं की ठेवायचं?

पोरगी माझ्या चुलतभावाची. वय पंधरा, नववीत आहे, उंची पाच फूट अकरा इंच. मी ज्या सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेतले, त्याच कोर्टवर ती बास्केटबॉल खेळते आणि माझ्यापेक्षा कितीतरी सरस खेळते. पुण्याच्या एका निवासी प्रशिक्षण केंद्रात तिची निवड झाली आहे. जूनमध्ये जायचं.

सरांचं म्हणणं सरळ आहे. सतरा वर्षांखालचा संघ तिच्या जिवावर उभा राहिलाय. अजून दोन वर्षं ती इथे राहिली, तर जिल्हा सोडाच, विभागात नाशिकच्या शाळांना टक्कर देता येईल. "वीस वर्षांत अशी एक पोर हाताला लागली, आणि तीच देऊन टाकू?" सरांच्या या प्रश्नातलं दुःख खरं आहे. तिला चेंडू धरायला त्यांनीच शिकवलं. बूट घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा तेही त्यांनीच घेतले.

अमळनेरात 'धरून ठेवा' या शब्दांना वेगळंच वजन आहे. विप्रो १९४५ साली आमच्या गावात वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली. ज्यांनी तेव्हाचे शेअर कपाटात जपून ठेवले, त्यांची घरं पुढे कुठल्या कुठे गेली. ज्यांनी विकले, त्यांची हळहळ आजही ओट्यावर ऐकू येते. त्यामुळे आमच्या जुन्या संघातला एक जण म्हणाला, "आपल्या गावाला विकायची घाई नडते, भाऊ. धरून ठेवा." मला हे पटत नाही. शेअर कपाटात ठेवला तरी वाढतो. पंधरा वर्षांची खेळाडू तशी वाढत नाही. तिला रोज आपल्यापेक्षा उंच आणि वेगवान मुली समोर लागतात, पाय मुरगळला तर पाहणारा माणूस लागतो आणि पोटाला पुरेसं लागतं. उन्हाळ्यात आमचं कोर्ट सकाळी नऊनंतर पाय ठेवू देत नाही. यातलं काहीच आपण तिला देऊ शकत नाही. मग नुसतं 'ती आमची आहे' म्हणून तिला थांबवायचं कशाच्या बळावर?

पण म्हणून मी 'पाठवून द्या, प्रश्न मिटला' असंही म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी कदाचित म्हटलं असतं. इथे डॅलसमध्ये जे पाहिलं, त्याने माझं मत बदललं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या इथल्या मॅव्हरिक्स संघाने लुका डॉन्चिच हा पंचवीस वर्षांचा खेळाडू लॉस एंजेलिसच्या लेकर्सना देऊन टाकला. आदल्याच वर्षी त्याने संघाला अंतिम फेरीपर्यंत नेलं होतं. बदल्यात अँथनी डेव्हिस हा एकतिशीतला मोठा खेळाडू, आणखी एक तरुण खेळाडू आणि २०२९ मध्ये नवे खेळाडू वाटून घेताना पहिल्या फेरीत एक खेळाडू निवडायचा हक्क मिळाला. लुका बचावात कमी पडतो, अंगाने जड झालाय आणि लवकरच त्याला पाच वर्षांसाठी सुमारे साडेचौतीस कोटी डॉलरचा करार द्यावा लागेल, असा व्यवस्थापनाचा हिशेब होता. कागदावर तो अगदीच अडाणी नव्हता. माझ्या ऑफिसातही दोघे-तिघे म्हणत, जड शरीराच्या खेळाडूवर एवढे पैसे लावू नयेत. पण शहर कळवळलं. लोकांनी मैदानाबाहेर फुलं वाहिली, कोणी खोटी शवपेटी आणून ठेवली. माझ्या मुलाने लुकाचा सत्याहत्तर नंबरचा शर्ट घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवला आणि दोन महिने सामना पाहिला नाही. एप्रिलमध्ये लुका लेकर्सकडून इथे खेळायला आला. सामन्याआधी त्याच्यासाठी चित्रफीत लावली, तेव्हा तो बाकावर रडत होता. नंतर त्याने पंचेचाळीस गुण केले. पुढे नव्या खेळाडूंच्या सोडतीत मॅव्हरिक्सना फक्त १.८ टक्के शक्यता असताना सर्वांत आधी निवडायचा हक्क मिळाला आणि कूपर फ्लॅग हा अठरा वर्षांचा मुलगा आला. ज्याने तो सौदा केला, त्या सरव्यवस्थापकाला नोव्हेंबरमध्ये काढलं. तरीही इथे जखम भरलेली नाही. बाजारात माझ्यासमोर उभ्या असलेल्या बाईंनी परवाच तो विषय काढला.

या सगळ्या गदारोळात मला एक गोष्ट खुपत राहिली. लुकाला कोणी विचारलंच नव्हतं. ठेवा म्हणणारेही त्याच्याबद्दल बोलत होते, द्या म्हणणारेही. अमळनेरहून येणाऱ्या फोनमध्येही हेच चाललं होतं. तीन आठवडे आम्ही सगळे बोललो आणि पोरीचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता.

लुकाची आधीची गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. तो तेराव्या वर्षी स्लोव्हेनियातलं घर सोडून रेआल माद्रिदकडे गेला. सोळाव्या वर्षी तिथल्या मोठ्या संघात उतरला. जेमतेम वीस लाख वस्तीच्या त्याच्या देशाने तेव्हा 'आपला मुलगा गेला' असं म्हटलं असेल, नसेल. पण २०१७ मध्ये तोच अठरा वर्षांचा मुलगा देशाच्या संघातून खेळला आणि स्लोव्हेनियाने युरोपचं अजिंक्यपद पटकावलं.

त्याहून मला जवळचा वाटतो डर्क नोवित्स्की. जर्मनीतल्या वुर्त्सबुर्ग गावचा. गावातल्या क्लबकडून खेळता खेळता १९९८ मध्ये डॅलसला आला, सलग एकवीस हंगाम याच एका संघासाठी खेळला आणि २०११ मध्ये संघाला विजेतेपद मिळवून दिलं. लुका गेल्यावर लोकांनी फुलं आणून ठेवली, ती डर्कच्याच पुतळ्यापाशी. तो गाव सोडून आला, पण गावाकडचे गुरू होल्गर गेश्विंडनर त्याला सुटले नाहीत. उन्हाळ्यात तो घरी जायचा आणि एका साध्या जिममध्ये त्यांच्या नजरेखाली पुन्हा आपला शॉट घासायचा. पैसा आणि नाव मिळाल्यावरही हे थांबलं नाही.

हे वाचलं तेव्हा मला आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, आठवली. आपल्याकडे लेक सासरी जाते म्हणून कोणी तिला अडवत नाही. पण आखाजीला ती आलीच पाहिजे. झोके बांधले जातात, गौराई बसते आणि भाऊ तिला आणायला जातो. आणायला जाण्याची जबाबदारी माहेरची असते. खेळाडूंच्या बाबतीत हे आपण कधी केलंय? गावातून गेलेल्या किती खेळाडूंना आपण सुट्टीत कोर्टवर बोलावलं? मीसुद्धा वीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी बाहेर पडलो, तेव्हा सगळ्यांनी त्याला प्रगती म्हटलं. कोणी ठेवून घ्यायची भाषा केली नाही, आणि परतही कोणी बोलावलं नाही. मीही गेलो नाही. सरांकडे शेवटचा कधी बसलो होतो, ते आठवावं लागतं. याची मला लाज वाटते.

चुलतभावाची काळजी निराळी आहे. दहावीचं वर्ष तोंडावर, वसतिगृह, नातेवाइकांचे प्रश्न. आमची काकू तर एका वाक्यात मोकळी झाली, "आंडेर शे, कधी ना कधी जाईच." लेक आहे, कधी ना कधी जाणारच. भावाला क्रीडागुणही माहीत आहेत आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षणही. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा महिला संघ किती बलाढ्य आहे, हेही त्याला कोणीतरी सांगितलंय. मी त्याला उगाच स्वप्नं दाखवली नाहीत. याच डॅलसने २०१५ मध्ये पंजाबच्या खेड्यातल्या सतनाम सिंगला निवडलं. एनबीएने निवडलेला तो पहिला भारतीय. पण लीगचा एकही नियमित सामना त्याच्या वाट्याला आला नाही. गेलं म्हणजे मिळतंच असं नाही, हे बापाला आधीच कळलेलं बरं.

शेवटी रविवारी मी पोरीशीच बोललो. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "काका, मला जायचंय. पण तिकडे माझा शॉट बिघडला तर सरांना कोण सांगेल?"

तिला जाऊ द्यावं, असं माझं आता पक्कं मत आहे. पण पुण्याच्या प्रशिक्षकांशी सरांचं बोलणं आधी व्हावं. दर महिन्याला तिच्या खेळाचा व्हिडिओ सरांकडे यावा. पुढच्या वर्षी आखाजीच्या सुट्टीत आठ दिवस तिने आपल्या कोर्टवर सरांपाशी खेळावं आणि धाकट्या मुलींना सोबत घ्यावं. येण्या-जाण्याचा आणि बुटांचा खर्च मी करीन. त्या आठ दिवसांत मीही तिथे असेन. रजा आत्ताच टाकली आहे.

हे सगळं सरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी काही न बोलता फोन ठेवला. मला वाटलं, दुखावले. दुसऱ्या दिवशी रात्री पुन्हा त्यांचाच फोन.

"त्या पुण्याच्या कोचचा नंबर मिळव," म्हणाले. "तिचा डावा कोपर बाहेर जातो. ते त्यांना आधी सांगायला हवं."