कडता

बेळगावच्या खडेबाजारातून एक टीबीची हार्ड डिस्क आणली, लॅपटॉपला जोडली, तर पडद्यावर ९३१ जीबी! पावती घेऊन तडक दुकान गाठलं. काउंटरवरच्या पोरानं मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, "हंग इरतैती, सर." असंच असतंय म्हणे.

शेजारी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला एक आजोबा उभे होते. पांढरी टोपी, उभा जन्म रविवार पेठेतल्या अडत दुकानात गेलेला.

"किती कमी भरली?"

"हजाराला एकोणसत्तर."

"म्हणजे शेकडा सात. कडता धरलाय हो त्यांनी, ओल्या मालाची, पोत्याची घट कापतात तसा. माल ओला होता काय?" माझ्या हातातली डिस्क घेऊन त्यांनी तळव्यावर तोलली. "बारदान काढून मोजलासा न्हवं? आम्ही पोत्यामागं किलोभर कडता धरला तरी शेतकरी अंगावर यायचे. तुम्ही सात टक्के सोडून गप?"

गप कुठला! त्यांना समजावत बसलो. डिस्क करणारा हजारानं मोजतो, लॅपटॉप १०२४ नं. एकावर बारा शून्यं एवढ्या बाइटना १०२४ नं तीनदा भागा, ९३१ उरतात. चोरी कुणीच केलेली नाही, म्हणजे भांडायचं कुणाशी?

"१०२४ कशाला पण?"

"संगणकाचं सगळं दुपटीत चालतं. दोनाची दुप्पट, चाराची दुप्पट..."

"छटाक, अदपाव, पाव, अर्धा शेर!" आजोबा खुलले. "मग सरळ सांगा की, विकताना किलो, मोजताना शेर."

माझ्या तीन मिनिटांच्या व्याख्यानाचा असा निकाल लागला. बरं, १९९८ साली १०२४ वाल्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावंही दिली गेली. लॅपटॉप मोजतो गिबीबाइट आणि लिहितो जीबी. आमच्या गावाला निदान एकाला दोन नावं आहेत, बेळगाव म्हणा नाहीतर बेळगावी. इथं दोन मापांना एकच नाव! ती जुनी १.४४ एमबीची फ्लॉपी तर अस्सल सीमाभागातली. तिचा एमबी म्हणजे १००० गुणिले १०२४, अर्धा मराठी, अर्धा कानडी.

"दोन टीबीची घ्या, सर," पोरगा म्हणाला. "जागा कमी पडणार नाही."

"मग कडता एकशे अडतीस," आजोबांनी बोटांवर मोजलं. झेरॉक्स खिशात घालून पायरी उतरता उतरता वळले. "बारदानाचे पैसे तरी मागून घ्या."

मी डिस्कचं रिकामं खोकं काउंटरवर ठेवलं. पोरानं ते बोटानं माझ्याकडं परत सरकवलं.