शब्द देतो नवरा, दंड भरतो मुलीचा बाप

कन्यादानात वधूपिता वराला बजावतो, 'धर्मे च अर्थे च कामे च नातिचरितव्या त्वयेयम्'. धर्म, पैसा, सुख, कशातही हिला डावलायचं नाही. वर म्हणतो 'नातिचरामि'. तेही तीनदा! भरल्या मांडवात शब्द देतो पुरुष. मग समाजाची बैठक कायम मुलीच्या वागण्यावरच का बसते?

नवऱ्याचं बाहेर लफडं असलं, तो रोज मारत असला, की ज्येष्ठ मंडळींचा सल्ला ठरलेला: "घरातलं घरात मिटवा." पोरगी माहेरी आली की "जुळवून घे, नांदायला जा." आणि तिनं परजातीतला मुलगा पसंत केला की याच मंडळींची सभा रातोरात भरते. आईबाप वाळीत. मयताला कुणी फिरकायचं नाही. परत यायचं तर दंड भरा. हिंदू विवाह कायदा 1955 चा आहे, त्याच्या कलम 5 मध्ये लग्नाच्या अटी दिल्यात: आधीचं लग्न, मानसिक स्थिती, वय, नातं. जातीचा शब्दसुद्धा नाही त्यात. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात जुलै 2017 पासून लागू आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून आता ठराव कागदावर येत नाही, निरोप तोंडी फिरतो आणि दंडाला 'देणगी' म्हणतात.

सगळ्यात संताप येतो तो याद्या करायच्या बैठकीचा. नीती शिकवणारे हेच लोक तिथे मधोमध बसलेले असतात. हुंडा शब्द कुणी उच्चारत नाही. 'मानपान', 'पोराला गाडी', 'दोन्ही अंगांनी लग्न करून द्या', आणि शेवटी 'स्वखुशीने' असं लिहायचं. अहो, 1961 च्या कायद्यात हुंडा घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला किमान 5 वर्षं कैद सांगितली आहे, त्यासाठी मदत करणाराही सुटत नाही! यावर कधी कुणाला वाळीत टाकलंत? सोळा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकताना कुणाचा हात थरथरला? बालविवाह लावणाऱ्यालाही 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होते, पण तिथे "चांगलं स्थळ हातचं जाईल" एवढं कारण पुरतं.

पुढची बैठक बोलावणार असाल तर गेल्या पाच वर्षांतल्या याद्या आणा. कुणी किती तोळे घेतले ते नावानिशी वाचा. आणि ज्यांनी तीनदा 'नातिचरामि' म्हणून बायकोला घराबाहेर काढलं, त्यांना पहिल्या रांगेतून उठवा.